दिवाळी अंकांच्या ऑर्डरी, कॅमलचे रूट आणि रिट्रायचा कारभार

सांगाडा मागेच उभा राहिलाय: स्प्रिंग बूट 3 (जावा ॲपचा पाया), अपाची कॅमल 4 (सिस्टीम-सिस्टीममध्ये मेसेज फिरवणारी लायब्ररी), मधे आर्टेमिस ब्रोकर (मेसेज क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, सांभाळणारा सर्व्हर) आणि पलीकडे सीएक्सएफ लायब्ररीवर चालणारी सोप सर्व्हिस (एक्सएमएल मेसेजवर चालणारी वेब सर्व्हिस). विषय खेळण्यातलाच, दिवाळी अंकांच्या ऑर्डरी घेणारं एक काल्पनिक दुकान. रूटमध्ये, म्हणजे मेसेजला आखून दिलेल्या वाटेत, एक 'चॉईस' (फाटा), त्यात दोन 'व्हेन' (अटी): टपालाने पाठवायचे अंक आणि दुकानातून न्यायचे अंक. उरलेलं सगळं 'अदरवाइज'मधून तपासणीच्या क्यूमध्ये. ते पहिल्या झटक्यात चाललं, त्यावर जास्त काय लिहायचं!

सोपच्या बाजूला एवढंच लक्षात ठेवा की जावा 11 पासून जेएएक्स-डब्ल्यूएस (सोपसाठीची जावाची एपीआय) जेडीकेमध्ये, म्हणजे जावाच्या मूळ संचात, नाही, आणि कॅमल 4 ला किमान जावा 17 लागतं. म्हणजे सीएक्सएफ 4 घ्यायचं आणि डब्ल्यूएसडीएलवरून (सर्व्हिसचं वर्णन करणाऱ्या फाइलवरून) क्लास नव्याने जनरेट करायचे. जुने 'जावाएक्स' पॅकेजवाले क्लास इथे उपयोगाचे नाहीत, सगळं 'जकार्ता' झालंय.

खरी मजा सर्व्हिस मुद्दाम बंद करून क्यूमध्ये ऑर्डरी टाकल्यावर आली. कॅमलच्या जेएमएस (जावाची मेसेजिंग एपीआय) कंपोनंटमागे स्प्रिंगचा लिसनर कंटेनर (क्यूवर कान ठेवून बसणारा भाग) असतो आणि त्याच्या ऑटो-अक्नॉलेज मोडमध्ये मेसेजची पोच रूट चालायच्या आधीच दिली जाते. रूट कोसळला की ऑर्डर गेली. कॅमलचा डीफॉल्ट एरर हँडलर स्वतःहून एकदाही रिट्राय (पुन्हा प्रयत्न) करत नाही, तेव्हा तिथूनही आशा नाही. म्हणून एंडपॉइंटवर (रूट जिथून मेसेज घेतो तिथे) 'ट्रान्झॅक्टेड' ट्रू केलं. आता एक्सेप्शन (एरर) आलं की रोलबॅक होतो आणि मेसेज ब्रोकरकडे परत जातो.

पण आर्टेमिसची डीफॉल्ट मर्यादा 10 प्रयत्नांची, आणि दोन प्रयत्नांमधला विलंब शून्य. सर्व्हिस बंद असेल तर कनेक्शन लगेच नाकारलं जातं, त्यामुळे दहाही प्रयत्न बघता बघता संपतात आणि मेसेज डेड लेटर क्यूमध्ये (न पोचलेल्या मेसेजच्या रांगेत) जाऊन पडतो. विलंब 5 सेकंद आणि गुणक 2 ठेवला. वरची मर्यादा वेगळी दिली नाही तर ती मूळ विलंबाच्या दसपट धरली जाते, म्हणजे 5, 10, 20, 40 आणि पुढे 50 वर स्थिर. सर्व्हिस रीस्टार्ट व्हायला एवढा अवकाश पुरतो.

इथे एक ठाम मत: रिट्रायचा कारभार एकाच्याच हाती द्या. त्याच रूटवर कॅमलचं 'डेड लेटर चॅनल' (फसलेले मेसेज बाजूला टाकणारा एरर हँडलर) लावलं तर ते एक्सेप्शन स्वतःच पचवतं. रोलबॅक होतच नाही, आणि ब्रोकरवरची सगळी सेटिंग शोभेची राहतात. मी ब्रोकरला निवडलं, कारण ॲप बंद पडलं तरी प्रयत्नांची मोजदाद त्याच्याकडे असते. कॅमलकडे एकच काम ठेवलं: डब्ल्यूएसडीएलमध्ये जाहीर केलेला फॉल्ट (सर्व्हिसने कळवलेली चूक) आला, उदाहरणार्थ 'असा अंकच नाही', तर 'ऑनएक्सेप्शन'मध्ये 'हँडल्ड' ट्रू करून (एरर निस्तरली असं मानून) मेसेज तपासणीच्या क्यूला. अशी ऑर्डर शंभरदा पाठवली तरी उत्तर तेच येणार.

सगळ्यात बेरकी प्रकार टाइमआउटचा. सीएक्सएफ उत्तरासाठी डीफॉल्टने 60 सेकंद थांबतं. मॉक (चाचणीपुरत्या) सर्व्हिसमध्ये ऑर्डर नोंदवून झाल्यावर त्याहून मोठी झोप, म्हणजे मुद्दाम विलंब, घालून पाहिली. पलीकडे ऑर्डर नोंदली गेलेली, अलीकडे रोलबॅक, आणि पुढच्या प्रयत्नात तीच ऑर्डर पुन्हा. यावर 'आयडेम्पोटंट कन्झ्युमर' (मेसेजची की, म्हणजे ओळख, नोंदवून तोच मेसेज पुन्हा आला तर गाळणारा कॅमलचा भाग) हे उत्तर सगळीकडे दिलं जातं, पण त्याचं 'रिमूव्ह ऑन फेल्युअर' डीफॉल्टने ट्रू असतं. रूट फसल्यावर ती की पुसली जाते आणि डुप्लिकेट निवांत आत शिरतो. ते फॉल्स केलं तर सर्व्हिस खरंच बंद असताना गेलेली ऑर्डरही 'झालेली' समजून गाळली जाते. कन्झ्युमर कामाचा आहे, पण पाठवणाऱ्याने तीच ऑर्डर दोनदा क्यूमध्ये टाकली तर. त्यासाठी तो जेडीबीसी रिपॉझिटरीसह (यादी डेटाबेसमध्ये) ठेवलाय. मेमरीतली यादी रीस्टार्टला जाते.

टाइमआउटचा बंदोबस्त शेवटी सर्व्हिसमध्येच करावा लागला. ऑर्डर क्रमांकावर युनिक कन्स्ट्रेंट (तोच क्रमांक दोनदा नोंदू न देणारी डेटाबेसची अट), आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर फॉल्ट न देता जुनी पावती परत. एक्सए ट्रान्झॅक्शन (अनेक सिस्टीममधले बदल एकत्र बांधणारं) सुचवू नका. सोप कॉल त्यात तसाही येत नाही.

पुढच्या टप्प्यात दर्शनी बाजूला कॅमलचं रेस्ट डीएसएल (वेब एपीआय लिहायची सोय) लावतोय. ऑर्डर क्रमांक ग्राहकाच्या बाजूने यावा की रेस्ट एंडपॉइंटने द्यावा, हे अजून ठरत नाहीये. एंडपॉइंटने दिला तर बटण दोनदा दाबणाऱ्याला दोन क्रमांक मिळणार, म्हणून माझा कल ग्राहकाकडे आहे.