भोकांचं कारण सापडलं, साचा निर्दोष आहे

मी घरी रद्दी भिजवून तिचा लगदा करते आणि साचा, म्हणजे जाळी ठोकलेली चौकट, लगद्याच्या टबात बुडवून हातकागदाची पानं काढते. त्यांना भोकं का पडतात, याचा काल रात्री साडेअकराला उलगडा झाला.

मागच्या खेपेला लिहिलं होतं की नव्या गठ्ठ्याच्या प्रत्येक पानाला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडताहेत. उजेडासमोर धरलं की पानाची चाळण झालेली दिसायची. तेव्हा मी साच्यालाच दोष दिला होता. मग बोहरी आळीतून स्टीलची जाळी आणली, चौकटीवर नव्याने ताणून ठोकली. भोकं तशीच. लगदा जास्त फिरवला, मग कमी फिरवला. साचा तिरका बुडवून पाहिला, आडवा बुडवून पाहिला. पान उतरवायला पंचाऐवजी जुनी सुती चादर घेतली. तीन रविवार यातच गेले. एक गोष्ट मात्र सारखी खटकत होती: टबावर बारीक पांढरा फेस यायचा आणि हाताने काढला तरी पाच मिनिटांत परत जमायचा.

फेब्रुवारीतली पानं याच मिक्सरमधल्या लगद्याची, शाई फुटू नये म्हणून घातलेली खळ तेवढीच, तुरटीही तेवढीच. ती आजही एकसंध आहेत. मग बदललं काय? कागद! तेव्हा बाबांच्या कपाटातल्या 1980 च्या आसपासच्या फायली भिजवल्या होत्या, कडा पिवळ्या पडलेल्या. आता भिजवतेय ते माझ्या ऑफिसातले प्रिंटआउट.

दोन काचेच्या वाट्यांत व्हिनेगर घेतलं. एकीत जुन्या फायलीचा कपटा टाकला, दुसरीत प्रिंटआउटचा. जुना कपटा नुसता भिजून पडून राहिला. नव्याच्या कडेला थोड्याच वेळात मोहरीहून बारीक बुडबुडे लगडले आणि एकेक करून वर यायला लागले. मी आईला उठवून दाखवलं.

हल्लीच्या बहुतेक कॉपियर कागदात भराव म्हणून कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे खडूचीच भुकटी. बाबांच्या फायलींसारखा जुना कागद राळ आणि तुरटी वापरून केलेला, आम्लधर्मी. म्हणून तर तो पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. त्याच्या लगद्यात माझी तुरटी निमूट मिसळली. प्रिंटआउटच्या लगद्यात मात्र ती खडूला भिडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, वायू तंतूंत अडकतो, आणि पान जाळीवर बसताना बुडबुडा फुटला की तिथे भोक. शिवाय खळ तंतूंवर धरून ठेवायला घातलेली तुरटी खडूशी झगडण्यातच संपते.

आज सकाळी तुरटी अजिबात न घालता सहा पानं काढली. फेस नाही, भोक नाही, एकही नाही! एक पान बाल्कनीच्या काचेवर थापून वाळवलं होतं. दुपारी कोपरा नखाने उचलला, तर ते एका दमात सुटून आलं. काचेकडची बाजू इतकी गुळगुळीत की बोट फिरवत बसावं. मधोमध टोनरचा एक ठिपका राहिलाय, नीट पाहिलं तर अर्धा ‘क’. टोनर म्हणजे कागदावर वितळवून चिकटवलेलं प्लास्टिक, ते पाण्यात विरघळत नाही. मला तो ठिपका आवडला, राहू दे.

नव्यांनी कागद बनवायचं तयार किट घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या किटातली नायलॉनची जाळी आठवडाभरात झोळीसारखी लोंबली. पैसे स्टीलच्या जाळीवर घाला. आणि दुकानांची गुळगुळीत, उष्णतेने छापलेली बिलं लगद्यात घालू नका. त्यांवर बिस्फेनॉलसारखी रसायनं असतात आणि आपले हात तासन्‌तास त्याच पाण्यात असतात.

आता राहिला शाई फुटण्याचा प्रश्न, कारण तुरटीशिवाय लगद्यातली खळ तंतूंवर नीट धरत नाही. कागद गिरण्या खळीसाठी वापरतात तसलं तयार रसायन मागवायचं असं ठरवून हे लिहायला बसले होते. पण लिहिता लिहिता वाटलं, खळ लगद्यातच कशाला हवी? आपल्याकडचे जुने कागदी, म्हणजे हाताने कागद बनवणारे कारागीर, वाळलेल्या पानाला वरून खळ द्यायचे आणि मग पान घासून घोटायचे. तुरटीची गरजच नाही. आजीच्या डब्यात मोठी कवडी आहे, घोटायला ती चालेल. म्हणजे रसायन रद्द.

उद्या दोन पानांना तांदळाची खळ लावते, एक पातळ, एक दाट. तिसऱ्याला जिलेटिन, चौथं कोरंच. वाळली की चारही घोटून एकाच शाईपेनाने लिहून बघणार. वरून खळ दिलेलं पान पावसाळ्यात कुणी टिकवलं असेल तर प्रमाण सांगा, माझ्या जुलैतल्या पानांवर बुरशी आली होती.