पाडी दगावली ती कशानं?

श्रावणातली झड लागली होती. कुडाळजवळच्या एका वाडीतून सकाळीच काकांचा फोन. "डॉक्टरानू, पाडयेक रातभर धाप लागली हा. दूध तोंडात धरणा नाय."

पोचलो तेव्हा दीड महिन्याची जर्सी संकरित पाडी मान लांब करून, तोंड उघडं टाकून उभी होती. नाकाशी फेस, प्रत्येक श्वासाला कण्हणं, ताप 106. स्टेथोस्कोप लावला तर खांद्यामागे खालच्या बाजूला हवा जात असल्याचा आवाजच नाही. वर पाठीकडे नुसती कुरकुर. शेजारच्या दाव्याला साधारण तिच्याच वयाचा पाडा. त्याचंही नाक वाहत होतं, मधूनच ठसका होता, पण हात लावायला गेलो तर पठ्ठ्या लाथ झाडायला तयार.

पावसामुळे गोठा झापांनी आणि प्लास्टिकनं चारी बाजूंनी बंद. आत मुताचा दर्प, वर डासांसाठी केलेली धुरी. माझेच डोळे चुरचुरले. श्वासनलिकेतली बारीक लव आत आलेले जंतू वर ढकलत असते. अमोनियानं तीच मंदावते.

अँटिबायोटिक दिलं, सूज उतरवणारं मेलोक्झिकॅम टोचलं, प्लास्टिक सोडवलं. पाडी दुपार ओलांडू शकली नाही.

काकांच्या परवानगीनं गोठ्यामागे शवविच्छेदन केलं. फुफ्फुसाचे पुढचे, खालचे खंड काळीज हाती यावं तसे घट्ट आणि जांभळट. मागचा भाग फुगलेला, बोटानं दाबला की आत बुडबुडे सरकत. पुढच्या खंडाचा तुकडा बादलीभर पाण्यात टाकला, तो थेट तळाला गेला. मागचा तुकडा तरंगत राहिला.

"छातीत पाणी भरलेला काय?" काकांनी विचारलं.

पाणी कमी, तिच्याच पांढऱ्या पेशी जास्त. नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवले होते. अनेक पेशी एकमेकींत मिसळून झालेल्या महाकाय पेशी त्यांना दिसल्या, शिवाय पाश्चुरेला जिवाणू वाढले. माणसाच्या तान्ह्या बाळांना छाती भरायला लावणारा आरएसव्ही नावाचा विषाणू असतो ना, त्याच्या गुरांतल्या भावंडाची ही खूण.

हा विषाणू लव असलेल्या पेशींत शिरतो. त्या पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारणींना सावध करतात आणि रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बोलावतात. त्या लोंढ्यानं येतात, विषाणूला आवरायला आपल्या डीएनएची जाळी फेकतात, मरतात, आणि त्या चिकट राड्यानं बारीक नळ्याच बुजतात. संसर्ग झालेल्या पेशी नेमक्या हेरून मारणाऱ्या टी पेशी तयार व्हायला आठवडाभर लागतो. तोवर लव झडलेली असते आणि नाकात एरवी गपगुमान राहणारे जिवाणू खाली उतरतात. अँटिबायोटिक त्यांच्यासाठी; विषाणूला त्याचं काही नाही. मेलोक्झिकॅम मात्र शरीराचा स्वतःचाच भडका कमी करायला, आणि माझ्या मते अशा वासरात ते मागाहून सुचायचं औषध नव्हे.

मग पाडा का तगला? काकींना विचारलं, "चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दूध, कधी पाजलात?"

"वार पडल्यार."

पाड्याच्या आईची वार, म्हणजे व्यायल्यावर बाहेर पडणारी नाळ, दोन-तीन तासांत पडली होती. पाडीच्या आईची दुसऱ्या दिवशी सकाळी.

गाईच्या वारेतून प्रतिपिंडं वासरापर्यंत पोचतच नाहीत. मिळायची ती सगळी चिकातून. आतडं ती अख्खी रक्तात घेतं तेही साधारण पहिले 24 तास, आणि पहिल्या सहा तासांत सर्वांत चांगलं. पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर चीक हवा. ही उसनी प्रतिपिंडं संसर्ग पुरता अडवत नाहीत, पण विषाणूचा जोर कमी ठेवतात. मग भडकाही कमी. एका गोठ्यातली दोन वासरं म्हणजे काही पुरावा नव्हे, पण वारेची वाट बघत उपाशी ठेवलेली वासरं मला कोकणात सगळीकडे भेटतात.

पाडा आठवड्यात सुधारला. तिसरी गाय गणपतीच्या सुमारास विणार होती.

"म्हणजे वार लोंबत असली तरी पाजूचा?" काकी.

"हो. वासरू ढुशा देऊन प्यायलं की गाईत ऑक्सिटोसिन सुटतं. त्यानं पान्हाही येतो आणि गर्भाशयही आवळतं."

काकांना वेगळीच काळजी. "आणि खरवस?"

"त्याचं पोट भरून उरला तर करा. आणि मलाही ठेवा थोडा."