तुम्ही विचारलंत म्हणून : वर्षाच्या बाळाचे ताट

सोसायटीतल्या तरुण आया, नात्यातल्या लेकी-सुना, कधी दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेली एखादी अनोळखी आई, या सगळ्या मला एकच प्रश्न विचारतात : ‘काकू, बाळ वर्षाचं झालं, आता त्याला वेगळं काय करून घालायचं?’ रत्नागिरी जिल्ह्यात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून माझी नोकरी झाली आणि आता तेरा महिन्यांची नात दिवसभर माझ्यापाशी असते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येत असावा. जिन्यात उभ्या उभ्या त्याचे पुरते उत्तर देता येत नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

वेगळे काहीही करू नका. घरात जो स्वयंपाक होतो त्यातूनच बाळाचा वाटा वेळीच बाजूला काढा, म्हणजे स्वयंपाक एकच राहतो आणि बाळाला घरच्या चवीची सवयही आपोआप लागते. मी तुरीची डाळ घोटून तिला हळद-हिंग लावले, की तिखट-मीठ पडण्याआधी नातीपुरती डाळ वाटीत काढून घेते. तिच्यात उकडलेल्या लाल भोपळ्याच्या दोन फोडी आणि मऊ भात कुस्करते, चिमटीच्या टोकावर मावेल एवढेच मीठ घालते, वर चमचाभर साजूक तूप सोडते आणि लिंबाचे चार थेंब पिळते. उरलेल्या डाळीला मग मिरची-कढीलिंबाची फोडणी बसते. मेथीच्या भाजीचे, थालीपिठाच्या पिठाचे, माशाच्या कालवणाचेही असेच. मिरची पडायच्या आत तिचा घास निघालेला असतो. पोळी वरणात दहा मिनिटे भिजली की तिच्या चार दातांनाही ती जड जात नाही.

आता दाटपणाविषयी, कारण माझ्या मते खरी चूक येथेच होते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका घरी गेले होते. तिथली आई मोठ्या मायेने डाळ फडक्यातून गाळत होती. वरचे पिवळे पाणी बाळाच्या वाटीत जात होते आणि खाली राहिलेला गोळा मोठ्यांच्या आमटीत. ‘डाळीचं पाणी पचायला हलकं’ हे तिला सासूने सांगितले होते आणि सासूला तिच्या आईने. ते बाळ दिवसातून पाच वेळा खात होते आणि तरीही त्याचे वजन हलत नव्हते. बाळाच्या पोटात एका वेळी साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिलिटर इतके अन्न मावते, म्हणजे नऊ किलोच्या बाळाला जेमतेम पेलाभर. ती जागा पाण्याने भरली तर अन्नाला उरत नाही. आईचे दूध चालू असले तरी या वयात दिवसाला सुमारे ५५० कॅलरी वरच्या अन्नातून मिळाव्या लागतात. त्यासाठी तीन-चार जेवणे, मध्ये एक-दोन वेळा केळे किंवा दही, आणि चमचा कलता केला तरी ओघळणार नाही इतके दाट अन्न हवे.

दुधाचेही तसेच आहे. ‘जेवतच नाही’ अशी तक्रार करणाऱ्या आईला मी आधी दुधाचा हिशेब विचारते, आणि पुष्कळदा तो लिटरभर निघतो. गाईम्हशीचे दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको, कारण पोट दुधानेच भरते आणि दुधात लोह जवळजवळ नसते. लोह कमी पडले की रक्तक्षय (ॲनिमिया) होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. हा आकडा मला अजूनही अस्वस्थ करतो. लिंबाचे ते चार थेंब मी चवीसाठी पिळत नाही. डाळीतले, पालेभाजीतले लोह त्यांच्यामुळे अंगी लागते. उलट चहा ते लोह अडवतो, म्हणून चहात बुडवलेले बिस्किट, जे कितीतरी घरांत लाडाने दिले जाते, मला अजिबात मान्य नाही. ज्या घरी अंडी, मासे, मटण चालते त्यांनी बाळाला रोज त्यातले थोडे द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली हेच सांगितले आहे. माशाचा घास मात्र बोटांनी चाचपून, काटा नाही याची खात्री करूनच. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि अख्खी द्राक्षे घशात अडकतात, म्हणून शेंगदाण्याचे बारीक कूट करावे आणि द्राक्षाच्या उभ्या चार फोडी कराव्यात.

‘आधी छान जेवायचा, आता तोंडच उघडत नाही’ हे ऐकले की मी आईला दोन आकडे सांगते. पहिल्या वर्षात वजन साधारण तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ते दोन-अडीच किलोनेच वाढते. वाढ मंदावते तशी भूकही उतरते, आणि हे अगदी स्वाभाविक आहे. काय आणि केव्हा वाढायचे हे आपण ठरवावे. किती खायचे हे बाळाने. नातीने मान फिरवली, की मी चमचा खाली ठेवते. मोबाइल लावून तोंडात कोंबलेला घास पोटात जातो खरा, पण पोट भरल्याची जी खूण तिला जन्मतःच कळते, ती आपण तिला विसरायला लावतो. दुधीभोपळ्याची फोड तिने सात वेळा थुंकली. आठव्यांदा माझ्याच ताटातली, माझ्याकडे बघत, स्वतःच्या हाताने उचलून खाल्ली.

एका बाबतीत मात्र थांबू नका. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते आणि माता-बाल संरक्षण कार्डावरच्या वाढीच्या आलेखात त्याची नोंद होते. ती रेष लागोपाठ दोन महिने सपाट राहिली किंवा खाली उतरली, तर घरच्या घरी उपाय करत न बसता कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा.