अंबडच्या प्लांटमध्ये दोन सर्व्हरवर एनएलबी लावलं, माझा अनुभव

अंबड एमआयडीसीत आमची पार्ट्सची कंपनी, आयटीला मी आणि एक ज्युनियर मुलगा, बस्स. व्हेंडर पोर्टल आयआयएसवर (मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर) चालतं, चलन, गेटपास, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) सगळं त्याच्यावर, आणि ते एकाच सर्व्हरवर होतं. अपडेट टाकायचे तर शनिवारच्या सुट्टीची वाट बघा, आणि मधेच सर्व्हर बसला की गेटवर गाड्यांची लाईन लागते आणि स्टोअरच्या मॅडमचा फोन सुरू होतो. हार्डवेअर लोड बॅलन्सरचं, म्हणजे आलेलं काम दोन-तीन सर्व्हरमध्ये वाटणाऱ्या डब्याचं, कोटेशन साहेबांना दाखवलं, त्यांनी शेवटचा आकडा बघून फाईल परत दिली, काही बोलले पण नाहीत. मग म्हटलं विंडोज सर्व्हरमध्ये नेटवर्क लोड बॅलन्सिंग (एनएलबी) येतंच की, तेच काम सॉफ्टवेअरने, स्टँडर्ड एडिशनमध्ये पण येतं, वेगळं लायसन्स नको, आणि तसंच दुसरं मशीन पडून होतं.

इन्स्टॉल करण्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. दोन्हीकडे फीचर टाकायचं, एनएलबी मॅनेजर उघडायचा, क्लस्टर आयपी (दोन्ही सर्व्हरचा मिळून एक पत्ता, लोक तोच वापरतात) द्यायचा, दुसरा होस्ट जोडायचा. दोन्ही मशीन एकाच सबनेटमध्ये आणि आयपी स्टॅटिक, डीएचसीपी (आपोआप आयपी मिळणं) चालत नाही. पोर्ट रूल, म्हणजे कुठल्या पोर्टचं ट्रॅफिक वाटायचं तो नियम, डिफॉल्टला ० ते ६५५३५ सगळे पोर्ट घेतो, तो काढून मी फक्त ८० आणि ४४३, म्हणजे वेबसाईटचे, ठेवले. एसएसएल सर्टिफिकेट दोन्ही मशीनवर टाकावं लागतं, हे विझार्ड सांगत नाही.

खरं काम पुढे आहे, आणि त्यासाठी हे आतून कसं चालतं ते आधी डोक्यात बसलं पाहिजे. मध्ये बसून वाटणी करणारा कोणी नसतोच. क्लस्टर आयपीवर आलेलं प्रत्येक पॅकेट दोन्ही सर्व्हरला मिळतं आणि प्रत्येक जण आपापला हॅश (पत्त्यावरून गणिताने काढलेला आकडा) काढून ठरवतो की हे माझं का दुसऱ्याचं, दुसऱ्याचं असेल तर टाकून देतो. ठक्कर बाजार स्टँडवर अनाउन्समेंट सगळ्यांना ऐकू येते पण उठतो तो ज्याची गाडी लागलीय तोच, तसं. आता पॅकेट दोघांना पोहोचवायचं काम स्विचचं, आणि स्विचचा तर धर्मच असा की एक मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता) त्याच्या एका पोर्टवर, म्हणजे केबलच्या एका खाचेवर.

यावर एनएलबीत दोन मोड आहेत, युनिकास्ट आणि मल्टिकास्ट. युनिकास्ट मोडमध्ये दोन्ही सर्व्हर स्वतःचा मॅक सोडून एकच मॅक घेतात, ०२-बीएफ आणि पुढे आयपीचेच आकडे हेक्समध्ये, म्हणजे १९२.१६८.१०.५० असेल तर ०२-बीएफ-सी०-ए८-०ए-३२. स्विचला हा मॅक कधीच कळू नये म्हणून बाहेर जाताना सोर्स मॅक बदलून पाठवतात. म्हणजे स्विच बिचारा त्या आयपीचं सगळं सगळ्या पोर्टवर फेकत बसतो, याला फ्लडिंग म्हणतात आणि हा बिघाड नाही, डिझाईनच तसं आहे. आमच्याकडे त्याच व्हीएलएएनवर (स्विचमध्ये पाडलेला नेटवर्कचा वेगळा भाग) कॅमेरे आणि पंचिंग मशीन, शिफ्ट सुटताना पंचिंग अडकायला लागलं, रॅकसमोर उभं राहिलं तर सगळे दिवे एका तालात. शिवाय युनिकास्टमध्ये दोन्ही सर्व्हर त्याच कार्डावरून एकमेकांशी बोलू शकत नाहीत, त्याला दुसरं नेटवर्क कार्ड लागतं. (हायपर-व्हीच्या व्हीएमवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या आभासी मशीनवर, युनिकास्ट करणार असाल तर मॅक स्पूफिंग, म्हणजे मॅक बदलायची परवानगी, चालू करा, नाहीतर डोकं आपटत बसाल.)

मग मल्टिकास्टवर आलो. यात सर्व्हरचा मूळ मॅक राहतो आणि क्लस्टरचा वेगळा, ०३-बीएफने सुरू होणारा. त्याच व्हीएलएएनमधल्या लोकांना पोर्टल लगेच दिसलं पण अकाउंट्सच्या व्हीएलएएनला नाही आणि आमच्या सिन्नरच्या युनिटला पण नाही. नेटवर्कवाला भाऊ आला, म्हणे सर्व्हरची फायरवॉल बघा. अडचण फायरवॉलची नव्हतीच. साध्या आयपीच्या एआरपीला ("या आयपीचा मॅक कुठला" ही विचारणा) मल्टिकास्ट मॅकचं उत्तर आलं तर राउटरने ते मानायचं नाही, हा १९९५ च्या आरएफसी १८१२ (इंटरनेटच्या नियमांचा कागद) मधला नियम आहे, आणि आमचा लेयर-थ्री स्विच, जो व्हीएलएएनमध्ये राउटरचं काम करतो, तो नियम इमानदारीने पाळत होता. त्यात हाताने स्टॅटिक एआरपी (या आयपीचा मॅक हाच, अशी कायमची नोंद) टाकली, आणि तो मॅक फक्त सर्व्हरच्या दोन पोर्टना आणि अपलिंकला (पुढच्या स्विचकडे जाणारं पोर्ट) बांधला, की सिन्नर पण चालू आणि फ्लडिंग पण बंद. पंचिंगचा फोन परत आला नाही.

नंतर ॲफिनिटी, म्हणजे एक क्लायंट कुठल्या सर्व्हरला चिकटून राहील ते सेटिंग. डिफॉल्टला सिंगल असतं, म्हणजे एका क्लायंट आयपीची सगळी कनेक्शन एकाच सर्व्हरवर, लॉगिन टिकतं, छान. पण सिन्नरचं अख्खं युनिट नॅटमधून (सगळ्यांचा पत्ता एकच करणारी सोय) एकाच आयपीने येतं, म्हणजे ते सगळे एकाच मशीनवर आणि दुसरं मशीन मोकळं! डेव्हलपरला सांगून सेशन (कोण लॉगिन आहे वगैरे माहिती) एसक्यूएल सर्व्हरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्ये, टाकून घेतलं, वेब कॉन्फिगमधली मशीन की (लॉगिनची कुकी उघडायची किल्ली) दोन्हीकडे सारखी केली, मगच ॲफिनिटी नन, म्हणजे बंद, केली. हाच क्रम ठेवा, आधी नन केलंत तर लोक दर क्लिकला लॉगआउट होतील.

टेस्टिंगमध्ये एका सर्व्हरची केबल काढली, दहा सेकंदांच्या आत दुसऱ्याने सगळं घेतलं. हार्टबीट, म्हणजे मी जिवंत आहे हा संदेश, दर सेकंदाला जातो, पाच चुकले की उरलेले परत वाटणी करतात. पण नुसतं ॲप पूल (आयआयएसमध्ये वेबसाईट चालवणारी प्रोसेस) थांबवलं तर काहीच होत नाही, कारण एनएलबी फक्त मशीन जिवंत आहे का बघतं, वेबसाईट मेलीय का त्याला माहीतच नसतं, ते निवांत लोकांना ५०३ (सेवा बंद) च्या पानावर पाठवत राहतं. माझ्या मते एनएलबीची सगळ्यात मोठी उणीव हीच. त्यावर उपाय म्हणून दोन्हीकडे एक छोटी पॉवरशेल स्क्रिप्ट लावलीय, दर मिनिटाला स्वतःचंच पान उघडून बघते, नाही उघडलं तर त्या नोडला (सर्व्हरला) क्लस्टरमधून बाहेर काढते.

आता अपडेट भर दुपारी टाकतो. एका नोडला ड्रेनस्टॉप द्यायचं, म्हणजे चालू कनेक्शन पूर्ण होतात आणि नवीन येत नाहीत, मग रिस्टार्ट, मग दुसरा. डेटाबेस मात्र अजून एकाच मशीनवर आहे, त्याला एनएलबी कामाचं नाही, फेलओव्हर क्लस्टर (एक मशीन पडलं की दुसरं त्याची जागा घेतं) लागेल, आणि एकाच सर्व्हरवर एनएलबी आणि फेलओव्हर क्लस्टर दोन्ही मायक्रोसॉफ्ट सपोर्ट करत नाही, त्यामुळे याच दोन मशीनवर तेही उरकून घेऊ असा विचार असेल तर सोडून द्या.