आठवीचा क्लास आणि अथेन्सचे दोन सेनापती

त्या शनिवारी वाचनवर्गात प्लेटोचा ‘लाखेस’ होता. समोर बसलेले बहुतेक जण पालक, आणि हा संवाद सुरू होतो तोच पालकांच्या काळजीतून. लिसिमाकस आणि मेलेसियस या दोन बापांना प्रश्न पडलाय: पोरांना चिलखत घालून लढायला शिकवणाऱ्या मास्तरकडे पाठवावं का? प्रात्यक्षिक नुकतंच बघून झालंय. सल्ला द्यायला निकियास आणि लाखेस हे सेनापती.

निकियास म्हणतो, पाठवा. शरीर कमावलं जाईल, रांग मोडली की कामाला येईल, पुढच्या युद्धविद्येची गोडी लागेल. लाखेस म्हणतो, यात दम असता तर स्पार्टानं हे कधीच उचललं असतं. वर तो त्या मास्तरचीच फजिती सांगतो. भाल्याला कोयता जोडलेलं त्याचं खास हत्यार दुसऱ्या जहाजाच्या दोरखंडांत अडकलं, ते जहाज पुढे निघालं, आणि हा पठ्ठ्या दांडा धरून डेकवर पळतोय! हा भाग मोठ्यानंच वाचावा. प्लेटो म्हटलं की तोंड लांब करून बसणाऱ्यांच्या हातून निम्मा संवाद निसटतो.

मतं एकास एक. लिसिमाकस सॉक्रेटिसला म्हणतो, आता तू कौल दे. समासात १८४ हा आकडा (प्लेटोच्या आवृत्त्यांत सारखाच राहणारा पानक्रमांक) दिसतो तिथे हे येतं. इथे मी पुस्तकं मिटायला लावली आणि चिठ्ठ्या वाटल्या: आठवीतल्या मुलाला फाउंडेशन कोर्सला घालावं का? हो किंवा नाही, आणि एका ओळीत कारण.

शिस्त लागते. सगळेच जातात. टॉपर तिथूनच निघतात. नुसती लूट आहे. एक गृहस्थ हो-नाहीची बेरीज करायला सरसावले, तेव्हा पुस्तकं पुन्हा उघडली. सॉक्रेटिस मेलेसियसला विचारतो: मुलाचा व्यायाम बहुमतानं ठरवशील, की त्यातल्या जाणकाराला विचारशील? आणि मग निकियासला खरा टोला: डोळ्यात औषध घालावं का, हे ठरवताना विचार औषधाचा असतो की डोळ्याचा?

चिठ्ठ्या पुन्हा चाळल्या. क्लास सगळ्यांत होता, मुलगा एकीतही सापडला नाही. बराच वेळ कोणी बोललं नाही.

पुढे शौर्याच्या व्याख्या येतात आणि एकेक करून पडतात. एक जागा मात्र सोडू नये: कायद्यानं भविष्यवेत्ता सेनापतीच्या हुकमाखाली असतो, असं सॉक्रेटिस निकियासच्या तोंडावर सांगतो. इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिलीतल्या सिराक्यूजच्या मोहिमेत चंद्रग्रहण झाल्यावर याच निकियासनं भविष्यवेत्त्यांचं ऐकून माघार लांबवली आणि सैन्य गमावलं. प्लेटोच्या वाचकांना हे ठाऊक होतं.

“ते ठीक, पण फी सोमवारी भरायचीय,” एक बाई म्हणाल्या. रास्त हरकत. शौर्य म्हणजे काय हे संवादात शेवटपर्यंत ठरत नाही. लिसिमाकस सॉक्रेटिसला दुसऱ्या दिवशी पहाटे घरी बोलावतो, इतकंच. पण १८६ वर सोमवारपर्यंत वापरता येईल असं काही आहे. शिकवणाऱ्यानं एकतर आपला गुरू सांगावा, नाहीतर आपल्या हातून सुधारलेली माणसं दाखवावीत. म्हणजे क्लासमध्ये टॉपरांचे फोटो बघून परतायचं नाही. आपल्या मुलासारखाच, गणितात अडखळणारा मुलगा इथे येऊन कुठवर पोचला, हे विचारायचं आणि जमलं तर त्याच्याशी बोलायचं. बाईंनी ते फोनमध्ये टिपून घेतलं.