वाजणारी पिन

परवा नातू एनसीसीच्या परेडवरून आला. बूट काढता काढता कुरकुरला, "आबा, आम्हाला डमी रायफल देतात. तिला पिनच नाही." मी म्हटलं, डमी नाही रे, डीपी रायफल. ड्रिल पर्पज. एके काळची खरीच, आता माझ्यासारखी रिटायर झालेली. काडतुसाच्या बुडावर ठोका देऊन गोळी उडवते ती पिन; तिचं टोक घासून टाकतात किंवा पिन काढूनच घेतात, म्हणून ती कवायतीपुरती उरते. एवढं सांगून गप्प बसायला हवं होतं. पण माझी बावीस वर्षं आर्मरर, म्हणजे फौजेतली हत्यारं तपासणारा-दुरुस्त करणारा, म्हणून गेली, त्यातली निम्मी या पिनेच्या मागे. चहा गार होईस्तोवर मी बोलत होतो. त्याला जे सांगितलं ते आणि जे राहिलं ते, इथं लिहितो.

आमच्या वेळी एसएलआर होती, सेल्फ लोडिंग रायफल. ईशापूरची, ७.६२ ची, वीस राउंडांचं, म्हणजे काडतुसांचं, मॅगझिन. नावातच सगळं आलं: एकदा चाप ओढला की एक गोळी, पुढचा राउंड ती आपला आपण भरून घेणार. लोक विचारतात, सेफ्टी लावली की रायफल सुरक्षित ना? सेफ्टीचा लिव्हर 'एस'वर नेला की चाप अडतो. चाप. पिन नाही. राउंड भरताना ब्रीच ब्लॉक, म्हणजे राउंड नळीत ढकलून मागून तोंड बंद करणारा लोखंडी ठोकळा, दाणकन पुढे येऊन थांबतो, तेव्हा आतली पिन त्याच वेगात असते. बस थांबली की उभा माणूस पुढं जातो ना, तशी तीही पुढं जायला बघते. आणि तिच्या पुढ्यात असते राउंडाच्या बुडातली कॅप. दिवाळीतल्या बंदुकीची टिकली आठवा. तिच्यावर ठोका पडला की झालं. कुणी चापाला बोटसुद्धा लावलेलं नाही आणि गोळी सुटली, याला स्लॅम फायर म्हणतात.

एसएलआरमध्ये यावर उपाय साधा होता. पिनेभोवती स्प्रिंग. चाप ओढल्यावर सुटणारा घोडा, म्हणजे आतला हातोडा, मागून आदळला की पिन पुढं जाते, टोक कॅपवर बसतं, लगेच स्प्रिंग तिला मागं ओढते. ब्लॉक हातात घेऊन पिनेची मागची बाजू दाबायची. टोक पुढं दिसलं पाहिजे, सोडल्यावर चट्कन आत गेलं पाहिजे. हे 'चट्कन' मी नवीन पोरांना तोंडानं आवाज काढून शिकवायचो. पिन काढायची तर ब्लॉकमधली अडकवलेली आडवी खीळ राउंडाच्या टोकानं ढकलायची आणि पिनेवर अंगठा ठेवायचा. अंगठा विसरला तर स्प्रिंग पिनेला घेऊन उडणार. कोतच्या, म्हणजे हत्यारांच्या कोठीच्या, मागच्या गवतात मी किती वेळा गुडघ्यांवर बसून पिना शोधल्यात, ते बायकोलाही सांगितलेलं नाही.

ईशान्येला पोस्टिंग होतं तेव्हा पकडलेल्या हत्यारांत एक चिनी कार्बाइन आमच्या कोतमध्ये आली. टाइप ५६, म्हणजे सिमोनोवच्या रशियन एसकेएसची चिनी बहीण. तिचा बोल्ट, म्हणजे आमच्या ब्लॉकचाच भाऊ, सुटा करून हातात घेतला आणि सहज हलवला. आतून टकटक आवाज. मला वाटलं, स्प्रिंग तुटली. उघडून बघतो तर स्प्रिंगच नाही, पिन मोकळी! सिमोनोवच्या सुरुवातीच्या रायफलींत स्प्रिंग होती, पुढं ती काढून टाकली. पुर्जे कमी झाले म्हणून कारखाना खूश झाला असेल. पण अशा बोल्टमध्ये ग्रीस सुकून बसलं आणि पिन टोक बाहेर काढून अडकली, तर बोल्ट मिटला की राउंड सुटतो, त्याच्या जोरानं बोल्ट मागं जातो, पुढचा राउंड येतो, तोही सुटतो. दहाच्या दहा संपेपर्यंत. चाप सोडलेला असला तरी. म्हणजे हलवल्यावर आमच्या एसएलआरची पिन गप्प असली तर ठीक, आणि हिची वाजली तर ठीक. हा उलटा हिशेब पचायला मला दोन दिवस लागले.

मोकळी पिन ठेवणारे सगळेच बेफिकीर होते असं नाही. अमेरिकेची गॅरंड रायफल १९३६ साली सैन्यात आली, तिचीही पिन मोकळीच. पण पिनेला मागं एक आडवी शेपटी आहे, आणि बोल्ट पूर्ण फिरून बंद होत नाही तोवर रायफलीतला एक पूल ती शेपटी मागं धरून ठेवतो. हे मला फार आवडलं. दाराला कडी लागल्याशिवाय पाहुण्याला ओसरीवरून आत सोडायचं नाही, तसं. तरी शेवटच्या क्षणी पिन थोडी पुढं जातेच. अमेरिकेच्याच पुढच्या एम-१६ रायफलीच्या घराण्याचंही तेच. भरलेला पण न उडवलेला राउंड बाहेर काढून बघा, कॅपवर तिळाएवढा खळगा दिसतो. तिथं १९६३ च्या सुमारास पिनेचं वजनच कमी केलं. हलकी पिन, हलका ठोका. शिवाय लष्करी राउंडांची कॅप मुद्दाम कठीण ठेवतात. खळगा पडलेला तोच राउंड पुन्हा पुन्हा भरत राहणं मला कधीच पटलं नाही.

टोकाबद्दल एकच सांगतो. ते गोल हवं, नखाखाली गुळगुळीत लागलं पाहिजे. टोकदार झालं तर कॅप फुटते आणि गॅस मागं येतो. आखूड झालं तर गोळी उडतच नाही, आणि मग नळी निशाण्यामागच्या मातीच्या बांधाकडे ठेवून थांबावं लागतं, कारण तो राउंड उशिरानं उडू शकतो.

आता ती गोष्ट. उत्तरेतली थंडी, फायरिंगच्या आदल्या दिवशी कोतमध्ये तपासणी. एका पोराची रायफल इतकी चकचकीत, की मी बाकीच्यांना दाखवायला बाजूला काढून ठेवली. सवयीनं ब्लॉक घेतला, पिन दाबली, सोडली. टोक बाहेरच. मग गोगलगाय शिंगं आत घेते तसं हळू, अगदी हळू आत गेलं. पिन काढली तर सगळ्या भोकात ग्रीस ठासलेलं, थंडीनं मेणासारखं घट्ट झालेलं, आणि स्प्रिंग त्यात लडबडून दमलेली. शेजारची रायफल बाहेरून कळकट होती. तिची पिन मात्र चट्कन.

पोराला बोलावलं. तो ताठ उभा. "उस्ताद, गंज चढू नये म्हणून आतपण लावलं. रोज लावतो."

मला रागवायचं होतं. त्याच्याकडे बघून जमेना. चिंदी दिली हातात, भोक कोरडं करायला लावलं, तेल पुसून नुसता ओलावा राहील एवढंच. नवी स्प्रिंग मी घातली. मग त्यालाच पिन दाबायला लावली, वीस-एक वेळा, आणि प्रत्येक वेळी आवाज तोंडानं काढायला लावला.

नातवानं हे ऐकून खिशातलं बॉलपेन काढलं, उघडून स्प्रिंग बाहेर काढली आणि पेन कानाशी धरून हलवलं. वाजलं. "आबा, हे चिनी झालं," म्हणाला. आता ती स्प्रिंग सोफ्याखाली गेलीय. सापडलेली नाही.