तो कुठला, मामा?

मंगळवार, ७ मे २०२४, सांगली

सकाळी सातलाच मतदान करून आलो. बोटावरची शाई वाळायच्या आत सम्याचा फोन. वाटलं, त्यांच्या केंद्रावर रांग किती आहे ते सांगत असेल. तर म्हणाला, "सूट बघितलास का?"

दिग्दर्शक जेम्स गननं त्याच्या नव्या सुपरमॅनचा पहिला फोटो काल टाकलाय. सुपरमॅन झालेला डेव्हिड कोरेन्स्वेट बसून बूट चढवतोय, मागं खिडकीतून दिसणाऱ्या शहरावर काहीतरी भलंमोठं, झगमगतं संकट आलंय, आणि याच्या तोंडावर रात्रपाळी करून आलेल्या माणसाचा थकवा. सूट थोडा सैल, सुरकुत्या पडलेला. रंग दबलेले. सिनेमा यायला अजून वर्षाहून जास्त अवकाश आहे, ११ जुलै २०२५. पण आज दिवसभर आमच्यात मतदानाच्या टक्क्यापेक्षा या निळ्यावरच जास्त बोलणं झालं.

निख्या चिडलाय. त्याचं म्हणणं, आशा, उजेड असं सगळं सांगत होते आणि शेवटी पुन्हा तोच धुरकट रंग. सम्याला दिग्दर्शक झॅक स्नायडरचा २०१३ चा सुपरमॅन जिवापाड आवडतो, त्याला हा फोटो त्यामुळंच बरा वाटला. "रंग कमी म्हणजे माणूस खरा," हे त्याचं जुनं वाक्य. मी प्रेसवाला. फोटो मोठा करून पाहिला तर मला निळ्यात काळी शाई जास्त पडल्यासारखी वाटली. पण खोलीतला उजेडच तसा आहे. एका फोटोवरून सिनेमाचा रंग ठरवणं म्हणजे पहिल्या प्रूफवरून कॅलेंडर नापास करण्यासारखं. पहिल्या कागदावर शाई कधीच बसलेली नसते, शे-दीडशे कागद वाया गेल्यावर रंग लागतो.

रविवार, १९ मे

ताई आणि ओजस इचलकरंजीहून आलेत. ओजसला सुट्टी आहे, आठवं संपत आलंय. संध्याकाळी त्याला २०१३ चा सिनेमा दाखवला. मला स्वतःला तो सिनेमा आवडतो हे इथं लिहून ठेवतो. त्यात एक लहान मुलगा घरामागच्या दांडीवर कपडे वाळत असताना लाल फडकं पाठीला बांधून, कमरेवर हात ठेवून उभा राहतो, शेजारी कुत्रं. तेवढ्या एका दृश्यासाठी मी तो सिनेमा पुन्हा लावतो.

पण शेवटच्या मारामारीत ओजस अस्वस्थ झाला. इमारती पडतायत, सगळीकडं राख, आणि राखेत दोन काळपट माणसं एकमेकांना भिंतींतून आरपार फेकतायत. त्यानं तीनदा विचारलं, "तो कुठला, मामा? आपला कुठला?"

मी म्हणालो, "लाल केप आहे ना, तो."

"कुठं लाल आहे?"

मला वाटलं, डोळ्यावर झोप आलीय.

शनिवार, १५ जून

शाळा आज सुरू झाली. त्याआधी ताईनं ओजसचे डोळे तपासून घेतले, फळ्यावरचं दिसत नाही म्हणत होता. नंबर अगदी किरकोळ निघाला. पण डॉक्टरांनी ठिपक्यांतले आकडे ओळखायचं पुस्तक पुढं धरलं आणि त्यात त्याला बरेच आकडे दिसलेच नाहीत. लाल-हिरव्यातला फरक त्याला कळत नाही. त्यातही लाल त्याला गडद दिसतो, तपकिरी किंवा काळ्याच्या जवळचा. निळा आणि पिवळा मात्र स्वच्छ दिसतात. याला औषध नाही, पण हे वाढतही नाही.

डॉक्टरांनी ताईला विचारलं, "तुमच्या वडिलांना होतं का असं?" हे आईकडून मुलाकडं येतं. आईला स्वतःला सगळे रंग दिसतात, पण तिच्या वडिलांकडचं ते मुलाच्या वाट्याला जाऊ शकतं.

ताईनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मी मशीनपाशीच उभा होतो. बाबांनी या प्रेसमध्ये छत्तीस वर्षं लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, औषधांची खोकी छापली. प्रूफ निघालं की ते दगडूकाकांना हाक मारायचे, "लाल उठलाय का बघा." कधी म्हणजे कधीच एकट्यानं लाल पास केला नाही. आम्हाला वाटायचं, मशीनमनचा मान राखतायत. त्यांची कधी तपासणी झाली नाही आणि आता विचारायला ते नाहीत. तरी मला खात्री वाटते.

रात्री त्यांची पत्र्याची पेटी काढली. त्यात इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक आहेत, वेताळाचे. त्यावरून एक गोष्ट आठवली. वेताळाचा जनक ली फॉक, त्याच्या मनात हा पोशाख करडा होता. १९३६ मध्ये रोजची चित्रमालिका काळ्या-पांढऱ्यात सुरू झाली तेव्हा प्रश्नच आला नाही. १९३९ मध्ये रविवारचं रंगीत पान निघालं आणि छापताना पोशाख जांभळा झाला, तो कायमचा. स्कँडिनेव्हियात तोच वेताळ निळा, इटलीत आणि ब्राझीलमध्ये लाल. जंगलात लपून राहणारा माणूस जांभळा का, याचं उत्तर कथेत शोधून सापडायचं नाही, ते छापखान्यात आहे.

सुपरमॅनचंही तसंच. १९३८ मध्ये दहा सेंटच्या अंकात तो आला तेव्हा कागद न्यूजप्रिंटचा, शाई पिणारा, आणि रंग ठिपक्यांनी भरलेले. असल्या कागदावर नाजूक छटा टिकत नाहीत, मळकट होतात. टिकतात ते सरळ निळा, सरळ लाल, सरळ पिवळा. प्लेट सूतभर सरकली तरी माणूस ओळखू येतो. त्या रंगांना आज आपण आशा म्हणतो. मला त्यात आधी एका छापणाऱ्याची काळजी दिसते, की स्टॉलवर लांब उभ्या असलेल्या पोराला हा दिसला पाहिजे.

रविवार, २२ डिसेंबर

गुरुवारी नव्या सिनेमाचा टीझर आला. तीन दिवसांत सम्या आणि निख्या यांनी एकमेकांशी बोलणं जवळपास बंद केलंय. या वादात त्यांचं खरोखर काहीतरी पणाला लागलंय. सम्यानं वडील गेले त्या वर्षी २०१३ चा सिनेमा थिएटरात चार वेळा पाहिला होता. त्याच्यासाठी तो करडा रंग म्हणजे एकट्या पडलेल्या माणसाचा रंग. नवीन सिनेमा भडक आहे, पोरकट आहे असं तो म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं, माझं दुःख खोटं ठरवू नका. हे निख्याला कळत नाही. निख्याचा सुपरमॅन १९७८ चा, क्रिस्टोफर रीव्हचा, त्याच्या आईनं व्हिडिओ कॅसेटवर दाखवलेला. त्याला रंग परत हवेत म्हणजे ती दुपार परत हवी आहे.

१९७८ च्या त्या सिनेमाचा छायालेखक जेफ्री अन्सवर्थ. तो प्रदर्शनाआधीच, त्याच वर्षी गेला आणि सिनेमा त्यालाच अर्पण केलेला आहे. त्याचा उजेड मऊ, कडा थोड्या विरघळलेल्या. म्हणजे निख्या ज्याला भडक म्हणून डोक्यावर घेतो ते प्रत्यक्षात तितकं भडक नाहीच. शिवाय निळ्या पडद्यासमोर उडायची दृश्यं घेताना निळा सूट पडद्यात गायब झाला असता, म्हणून त्यासाठी हिरवट-निळसर छटेचा वेगळा सूट शिवला होता. तो पुढं पडद्यावर निळा दिसेल असा केला. त्याही आधी, १९५२ मध्ये टीव्हीवर जॉर्ज रीव्ह्ज सुपरमॅन होता. पहिले दोन सीझन काळ्या-पांढऱ्यात. तेव्हा त्याचा पोशाख निळा-लाल नव्हताच, तपकिरी आणि करड्या रंगांचा होता. कारण काळ्या-पांढऱ्या फिल्मवर लाल आणि निळा सारखेच गडद करडे उतरतात, केप आणि अंग एक होऊन जातं. शिवणाऱ्यांनी शेवटी डोळ्याला काय वेगळं दिसणार ते आधी पाहिलं आणि त्यावरून कापड निवडलं.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या. ओजसची अडचण नेमकी हीच आहे. स्नायडरच्या सिनेमात रंगातला जोर कमी करून निळा जवळजवळ काळा केला आणि केप गडद तांबडी. माझ्या डोळ्याला त्यात तरीही लाल उरतो. त्याच्या डोळ्याला दोन काळे उरतात, आणि मागं राख.

आज तो आलाय म्हणून टीझर लावला. सुरुवातीला पांढराशुभ्र बर्फ आणि त्यात सुपरमॅन आदळून पडलेला, रक्तबंबाळ, धाप लागलेली. तो शीळ घालतो आणि लांबून बर्फ उडवत क्रिप्टो कुत्रा येतो, त्याला केपला धरून ओढत नेतो. १९७८ च्या सिनेमातली जॉन विल्यम्सची जुनी धून गिटारवर. ओजसनं पडद्याला बोट लावून सांगितलं, "हा आपला. आणि हा त्याचा कुत्रा." मी विचारलं, केप कशी दिसते? म्हणाला, "काळी. पण अंग निळं आहे ना."

म्हणजे लाल त्याला आजही दिसला नाही. पण निळा एवढा निळा ठेवलाय की लाल नसतानाही माणूस सापडला.

सम्याला हे फोनवर सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझा सिनेमा त्यानं पाहिलाच नाही म्हणजे." त्याच्या आवाजात राग नव्हता.

लाल चड्डीवरूनही वाद चालू आहे. २०११ मध्ये कॉमिकमधून ती काढली होती, २०१८ मध्ये हजाराव्या अंकाला परत आली, आणि २०१३ च्या सिनेमात नव्हतीच. गननं सांगितलंय की ठेवावी की नाही यावर त्याचंही बरेच दिवस ठरत नव्हतं. कोरेन्स्वेटनं मुद्दा मांडला, की अंगात एवढी ताकद असलेल्या या परग्रहावरच्या माणसाला पोरांनी आपल्याला घाबरू नये असं वाटतं, मग तो आखाड्यातल्या पैलवानासारखाच कपडा घालेल. सांगली-कोल्हापूरच्या माणसाला हे कळायला वेळ लागत नाही. आमच्या गल्लीतल्या तालमीत शंभर किलोचे पैलवान लंगोटावर लाल मातीत उभे असायचे आणि आम्ही पोरं त्यांच्या दंडाला लोंबकळायचो. भीती कधी वाटली नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

गेले काही दिवस नवीन भांडण आहे. टीव्हीवरच्या छोट्या जाहिरातीत तो उडतो तेव्हा चेहरा विचित्र दिसतो, संगणकावर केलाय असं सगळे म्हणत होते. गननं उत्तर दिलं, चेहऱ्यात संगणकाचं काहीही नाही. रुंद लेन्स जवळ आणली की चेहरा वेगळा दिसतोच, आणि मागचा बर्फ नॉर्वेतल्या स्वालबार्डचा, खराखुरा चित्रित केलेला. छायालेखक हेन्री ब्रॅहम आहे, गनबरोबर त्यानं आधीही काम केलंय.

मला यात फार बोलायचं नाही. दिसलं ते मलाही खटकलं, आणि कारण समजल्यावरही थोडं खटकतंय. मात्र तो बर्फ खरा आहे हे कळल्यावर छान वाटलं. बर्फावर पडलेला उजेड खालून उलटा वर येतो, हनुवटीखाली, केपच्या घडीत, म्हणून तिथं सावलीसुद्धा उजळ असते. निळा त्यामुळं काळा पडला नाही. नुसता रंगाचा खटका वर सरकवून हे मिळत नाही. आमच्याकडंही गिऱ्हाईक सांगतं, रंग वाढवा. शाई वाढवली की कागद ओला होतो आणि सगळं चिखल होतं. वाढवायचा असतो तो आजूबाजूचा पांढरा.

सम्या आज प्रेसवर आला होता. लॅपटॉपवर त्यानं २०१३ च्या मारामारीची काही चित्रं काढून आणली होती. आम्ही दोघांनी मिळून त्यातला लाल गडद करत नेला, ओजसला दिसत असेल तसा, जमेल तेवढा. चौथ्या चित्राला सम्या म्हणाला, "बस कर." मग म्हणाला, त्यानं केलं ते मला अजूनही आवडतं. मी म्हणालो, मलाही आवडतं. चहा प्यायला बाहेर पडलो तर हरभट रोडवर निख्या भेटला, तिघंही टपरीवर उभे राहिलो. सिनेमाचं कुणी काढलं नाही.

गुरुवार, १५ मे

काल मोठा ट्रेलर आला. पत्रकार लुईस लेन घेते ती सुपरमॅनची मुलाखत, मग तिचा चढत गेलेला आवाज, युद्ध थांबवलं म्हणून त्याला विचारलेले प्रश्न. टीझरपेक्षा रंग इथं जास्त आहेत, काही ठिकाणी मला वाटतं जरा जास्तच, आकाश आणि सूट एकमेकांवर चढतात. निख्या खूश. सम्या म्हणाला, तिकीट काढतोय, तिघांचं. ओजसचं धरून चौघांचं काढ असं मी सांगितलं.

ओजस कालपासून इथंच आहे. ट्रेलर सहा वेळा पाहिला आणि आज दुपारी जमिनीवर पालथा पडून चित्र काढत बसला. खडूंच्या डबीवर ताईनं प्रत्येक खडूला नावाची चिठ्ठी चिकटवलीय, पण बऱ्याच चिठ्ठ्या निघून गेल्यात. निळा त्यानं न बघता उचलला आणि अंग रंगवलं. पिवळा उचलला, छातीवरचं चिन्ह भरलं. मग दोन खडू हातात घेऊन माझ्याकडं आला, एक तपकिरी, एक लाल.

"मामा, केपचा कुठला?"

मी लालवर बोट ठेवलं. तो परत जाऊन केप रंगवू लागला, खूप दाबून.